व्हिडिओ, पॉडकास्ट आणि फीडचा पत्ता



आजचा विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. पॉडकास्टमध्ये आता व्हिडिओ शिरला आहे. तो खुल्या फीडच्या व्यवस्थेत बसतो का, आणि बसवायचा तर कोणत्या अटींवर, असा तो प्रश्न. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारेल. आमचं म्हणणं असं, की वक्ता आणि श्रोता यांच्या मध्ये कोण उभं आहे आणि त्याच्या परवानगीवाचून दोघांची गाठ पडू शकते की नाही, हा प्रश्न केवळ इंजिनिअर मंडळींवर सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडे व्याख्यानमालांची परंपरा मोठी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. तेव्हा श्रोत्याला सभेला येऊन बसावं लागे. आज तो बसमध्ये ऐकतो, चालताना ऐकतो, स्वयंपाक करताना ऐकतो. ही नवी सभा कोणाच्या जागेत भरली आहे, हे मात्र त्याला दिसत नाही. त्या जागेबद्दल आज बोलायचं आहे.

पॉडकास्ट कशाला म्हणावं?

वाद सुरू होतो तो व्याख्येपासून. एक पक्ष म्हणतो, दोन माणसं माईक पुढे घेऊन गप्पा मारत बसली की झाला पॉडकास्ट. तो यूट्यूबवर असो की आणखी कुठे. या पक्षाकडे आकड्यांचं बळ आहे. दर महिन्याला १०० कोटींहून अधिक लोक आपल्याकडे पॉडकास्ट पाहतात-ऐकतात, असं यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. दुसरा पक्ष म्हणतो, फीड नाही तर पॉडकास्ट नाही, आणि पॉडकास्ट म्हणजे मुळात कानाची गोष्ट. व्हिडिओ आला की तो टीव्ही झाला.

आपल्या नैयायिकांनी अशा वादांसाठी एक चांगलं हत्यार करून ठेवलं आहे. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष तीन. गायीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. 'अखंड खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गायीचा खूर दुभंगलेलाच असतो; हा असंभव.

आता हे लावून पाहा. 'इंटरनेटवरच्या गप्पा म्हणजे पॉडकास्ट' ही उघड अतिव्याप्ती आहे. कोणत्याही वृत्तवाहिनीची मुलाखत तीत बसते. 'फीडमधून येणारा ध्वनी म्हणजे पॉडकास्ट' ही अव्याप्ती आहे. का ते आता सांगतोच. आणि 'आयपॉडवर ऐकायचा तो पॉडकास्ट' असं शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कोणी म्हणेल, तर अ‍ॅपलने आयपॉड बनवणं मे २०२२ मध्येच बंद केलं. पुढच्या पिढीसाठी तो असंभव ठरायला वेळ लागणार नाही.

मग लक्षण कोणतं धरायचं? आमच्या मते असं: ज्या कार्यक्रमाच्या भागांची यादी एका सार्वजनिक पत्त्यावर ठेवलेली आहे, जी कोणत्याही अ‍ॅपला कोणाची परवानगी न घेता वाचता येते, आणि जिचा पत्ता कार्यक्रम करणाऱ्याच्या ताब्यात आहे, तो पॉडकास्ट. यात ध्वनी की चित्र याचा उल्लेखच नाही, आणि तो नसावा हे इतिहासावरूनही दिसतं.

'एन्क्लोजर'ची जन्मकथा

फीड म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगू. ती एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात कार्यक्रमाचं नाव, मग एकेका भागाचं शीर्षक, तारीख, वर्णन, आणि त्या भागाची फाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता. या शेवटच्या गोष्टीला 'एन्क्लोजर' म्हणतात. पत्रासोबत जोडलेल्या कागदाला म्हणतात ना, 'सोबत जोडले आहे', तसं. आरएसएस या पद्धतीत एन्क्लोजर आलं ते २००० सालाच्या अखेरीस, डेव्ह वायनर यांनी लिहिलेल्या ०.९२ या आवृत्तीत. त्यामागे अ‍ॅडम करी यांच्याशी झालेली चर्चा होती. त्या काळी इंटरनेटच्या लाइनी मंद. मोठी ध्वनी वा चित्रफीत मागवायची तर क्लिक करून ताटकळत बसायचं. त्यांनी युक्ती काढली ती अशी, की मागणी आधीच नोंदवून ठेवा, यंत्र रिकामं असताना फाइल आणून ठेवू दे, आणि माणूस येईल तेव्हा ती हजर असू दे. आपल्याकडे दूधवाला पहाटे पिशवी दाराला लावून जातो, त्यातलाच प्रकार.

या एन्क्लोजरला तीन गोष्टी द्याव्या लागतात: फाइलचा पत्ता, तिचं बाइट्समधलं आकारमान, आणि तिचा प्रकार. प्रकार ध्वनीच असला पाहिजे असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. तिथे 'ऑडिओ' लिहा, 'व्हिडिओ' लिहा, पीडीएफ लिहा.

पुढचा क्रम थोडक्यात. जुलै २००३ मध्ये आरएसएस २.० चं प्रमाणपत्रक हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोपवलं गेलं, आणि तेही कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली. फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन'मधल्या एका लेखात बेन हॅमर्सली यांनी 'पॉडकास्टिंग' हा शब्द वापरला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्स ४.९ मध्ये पॉडकास्टची सोय केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आला. २००६ मध्ये टेडची व्याख्यानं इंटरनेटवर आली, आणि ती व्हिडिओ पॉडकास्ट म्हणून फीडमधूनही मिळत. म्हणजे व्याख्यानाचा व्हिडिओ खुल्या फीडमधून घरी उतरवून पाहणारे श्रोते वीस वर्षांपूर्वीच होते, बरं का. त्यांना 'हे पॉडकास्ट नव्हे' असं सांगणारी व्याख्या चुकीची मानावी लागेल. म्हणून वर आम्ही तिला अव्याप्त म्हटलं.

मग व्हिडिओ फीडबाहेर का गेला?

याचं पहिलं उत्तर गणितात आहे, आणि ते नीट मांडलं पाहिजे. भाषणाची फाइल साधारण १२८ किलोबिट दर सेकंद या दराने बनवली, तर एका तासाची फाइल होते ५७.६ मेगाबाइट. बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओला २.५ मेगाबिट दर सेकंद धरा. एका तासाचे झाले १,१२५ मेगाबाइट. जवळपास वीसपट. हजार श्रोत्यांनी एक भाग उतरवला तर ध्वनीसाठी सुमारे ५८ गिगाबाइट पाठवावे लागतात, व्हिडिओसाठी हजाराच्या वर. ध्वनीच्या होस्टिंग कंपन्या ठरावीक वर्गणीत 'हवे तितके भाग ठेवा' म्हणू शकतात, ते ध्वनी लहान असतो म्हणून. व्हिडिओला ते परवडत नाही. एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाने आपली व्याख्यानमाला स्वतःच्या खर्चाने व्हिडिओत ठेवायची ठरवली, तर व्याख्यान जितकं गाजेल तितकं बिल वाढणार. यूट्यूब हा खर्च स्वतः सोसतं आणि जाहिरातींतून वसूल करतं. लोक तिकडे गेले ते मूर्ख होते म्हणून नव्हे. तिथे फुकट जागा मिळाली म्हणून गेले. खुल्या फीडच्या समर्थकांनी ही गोष्ट फार काळ नजरेआड केली, हा त्यांच्यावरचा आमचा पहिला आक्षेप.

दुसरं उत्तर तंत्राच्या बदलात आहे. एन्क्लोजर म्हणजे अख्खी फाइल. व्हिडिओच्या जगाने दरम्यान निराळी वाट धरली, ती 'स्ट्रीमिंग'ची. तिचा सर्वांत रुळलेला प्रकार एचएलएस. अ‍ॅपलने तो २००९ मध्ये आयफोनसाठी आणला. ऑगस्ट २०१७ मध्ये तो आरएफसी ८२१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्याची रीत अशी: व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, अ‍ॅपलची शिफारस सहा सेकंदांची आहे, आणि त्या तुकड्यांची यादी एका छोट्या मजकूर-फाइलीत ठेवायची. शिवाय तोच व्हिडिओ कमी-जास्त दर्जाच्या अनेक आवृत्त्यांत तयार ठेवायचा. लाइन मंदावली की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या आवृत्तीतून घेतो, सुधारली की पुन्हा जडमधून.

याचे फायदे खरे आहेत. खेड्यात, घाटात, लोकलमध्ये नेटवर्क कधी असतं कधी नसतं. तिथे अडखळत का होईना पण व्याख्यान चालू राहतं, ही लहान गोष्ट नाही. आणि दहा मिनिटं पाहून बंद करणाऱ्यासाठी अकराशे मेगाबाइट पाठवायचे ही उधळपट्टीच. स्ट्रीमिंगमध्ये जेवढं पाहिलं साधारण तेवढंच जातं. होस्टिंग कंपन्यांना व्हिडिओ परवडायचा असेल तर याच मार्गाने परवडेल. तेव्हा स्ट्रीमिंगला नुसतं नाक मुरडणं आम्हाला पटत नाही.

देणं आणि दाखवणं

तरीही इथे एक फरक पडतो, आणि तो नुसता तंत्राचा नाही. डाउनलोडमध्ये वस्तू दिली जाते. फाइल माझ्याकडे आली. मी ती उद्या ऐकेन, दहा वर्षांनी ऐकेन, पेन ड्राइव्हवर घालून गावी पाठवीन. देणाऱ्याचा संबंध तिथे संपतो. स्ट्रीमिंगमध्ये वस्तू दाखवली जाते. दाखवणारा सतत हजर असावा लागतो. त्याने दिवा मालवला की पाहणं संपलं.

आणि दाखवणारा हजर असतो म्हणून तो पाहतही असतो. एक तासाच्या व्हिडिओचे सहा सेकंदांचे तुकडे होतात ६००. प्रत्येक तुकड्यासाठी प्लेअर सर्व्हरकडे निराळी मागणी करतो. दोनशेव्या तुकड्यानंतर मागणी थांबली, तर श्रोता विसाव्या मिनिटाच्या आसपास उठून गेला हे सर्व्हरला कळतं. डाउनलोडमध्ये हे कळत नव्हतं. जाहिरात क्षेत्रातल्या आयएबी या संस्थेचा नियम असा, की किमान एक मिनिटाचा भाग उतरवला गेला तर एक डाउनलोड मोजावं. माणसाने तो ऐकला की नाही, हे त्या मोजणीला ठाऊक नाही. जाहिरातदारांना हा दोष वाटतो. आम्हाला यात श्रोत्याची प्रतिष्ठा दिसते. सभेत मागच्या रांगेतला माणूस कंटाळून हळूच उठून जातो; त्याची वेळ टिपून ठेवणारा कोणी दाराशी बसवलेला नसतो. वक्त्यालाही हे ज्ञान फारसं हितकारक नाही. कोणत्या मिनिटाला किती लोक गेले हे रोज पाहणारा वक्ता हळूहळू ते मिनिटच बोलेनासा होतो. कठीण मुद्दा, लांबलेला युक्तिवाद, थांबून विचार करणं, हे सगळं त्या आलेखात घसरण म्हणून दिसतं. कांट समजावून सांगताना दहा मिनिटं कोरडी जाणारच. ती गाळली तर कांटही गेला.

अर्थात खुल्या फीडचं जग धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. तिथेही डाउनलोड मोजण्यासाठी पत्त्याच्या पुढे मोजणी कंपन्यांचे पत्ते जोडलेले असतात, आणि फाइल पाठवताना श्रोत्याचं शहर पाहून जाहिरात घुसवली जाते. पण तिथे निदान फाइल हातात पडल्यावर पाठलाग संपवण्याची सोय आहे.

जागा कोणाची, पत्ता कोणाचा

आता बंदिस्त व्यासपीठांकडे वळू. स्पॉटिफायने २०१९ मध्ये गिमलेट आणि अँकर या कंपन्या विकत घेतल्या आणि पॉडकास्टच्या धंद्यात मोठी उडी मारली. पुढे व्हिडिओ आणला, तो अशा रीतीने की निर्मात्याने तिथे व्हिडिओ चढवला की त्या भागापुरती फीडमधून येणाऱ्या ध्वनीची जागा तो व्हिडिओ घेई. श्रोता ऐकतोय तोच कार्यक्रम. पण फाइल आता निर्मात्याच्या होस्टकडून येत नाही, स्पॉटिफायकडून येते. होस्टच्या मोजणीतून तो श्रोता नाहीसा होतो, होस्टने घातलेल्या जाहिराती गळतात. यूट्यूबने फीड वाचायची सोय केली, तीही एकमार्गी: फीडमधला ध्वनी घ्यायचा, त्यावर कार्यक्रमाचं स्थिर चित्र लावायचं आणि त्याचा यूट्यूबवर व्हिडिओ करायचा. उलट दिशेने मात्र यूट्यूब चॅनेलच्या फीडमध्ये ताज्या व्हिडिओंची नावं आणि दुवे मिळतात, व्हिडिओची फाइल मिळत नाही. आत येण्याचा दरवाजा मोठा, बाहेर जायला खिडकी.

याची तुलना आपल्या मोबाइल नंबरशी करून पाहा. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. कंपनी बदलली तरी नंबर तोच राहू लागला. त्याआधी कंपनी बदलणं म्हणजे सगळ्या नातेवाइकांना नवा नंबर कळवणं. फीडमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे. होस्टिंग कंपनी बदला. जुन्या पत्त्यावर 'नवा पत्ता हा' अशी कायमची नोंद ठेवा. श्रोत्यांची अ‍ॅप्स आपोआप नव्या पत्त्यावर जातात. श्रोत्याला कळतही नाही. बंदिस्त व्यासपीठावर जमवलेले श्रोते असे उचलून नेता येत नाहीत. ते त्या व्यासपीठाचे श्रोते असतात, तुम्ही तिथले पाहुणे.

व्यासपीठ बंद पडतं तेव्हा हा फरक उघडा पडतो. गुगल पॉडकास्ट्स २०१८ मध्ये सुरू झालं, २०२४ मध्ये बंद झालं. पण जाताना श्रोत्यांना आपल्या वर्गण्यांची यादी ओपीएमएल फाइलीत काढून घेता आली आणि दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकता आली, कारण त्या यादीत होते ते फीडचे पत्ते. दुकान मिटलं, पण गिऱ्हाईक आपली पिशवी घेऊन बाहेर पडलं.

नवा टॅग आणि त्याची परीक्षा

मग खुल्या व्यवस्थेने व्हिडिओला जागा कशी करून द्यावी? यावरचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न पॉडकास्टिंग २.० या चळवळीचा. तेच अ‍ॅडम करी आणि त्यांच्यासोबत डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये ती सुरू केली. पॉडकास्ट इंडेक्स ही खुली सूची आणि फीडसाठी नव्या टॅग्जचा एक संच त्यातून उभा राहिला. त्यातला एक टॅग 'ऑल्टरनेट एन्क्लोजर', म्हणजे पर्यायी जोडपत्र. मूळ एन्क्लोजर जागच्या जागी राहतं, बहुधा ध्वनीचं. त्याच्या शेजारी त्याच भागाच्या दुसऱ्या आवृत्त्या सांगायच्या: हलका ध्वनी, मोठा व्हिडिओ, लहान व्हिडिओ, एचएलएसची यादी. प्रत्येक आवृत्तीला एकाहून अधिक पत्ते देता येतात. जुन्या अ‍ॅपला हा टॅग समजत नाही. ते तो सोडून देतं आणि पूर्वीसारखा ध्वनी वाजवतं. कोणाचंच काही मोडत नाही.

रचना म्हणून हे उत्तम आहे. विशेषतः एचएलएसला मूळ एन्क्लोजरमध्ये कोंबलं नाही, हे बरं केलं. एन्क्लोजरला आकारमान द्यावंच लागतं, आणि स्ट्रीमला एक असं आकारमान नसतंच. श्रोत्याच्या लाइनीप्रमाणे ते बदलतं. जे दिलं जातं त्याचं एन्क्लोजर, जे दाखवलं जातं ते पर्यायात, अशी ही विभागणी आपल्या वरच्या भेदाशी नेमकी जुळते.

पण रचना चांगली म्हणून काम झालं असं नाही. आमचे आक्षेप दोन. पहिला, टॅग लिहिला म्हणजे तो वाचला गेला असं होत नाही. मोठी अ‍ॅप्स तो वाचत नाहीत तोवर निर्मात्याने व्हिडिओ ठेवायचा कशासाठी, आणि निर्माते ठेवत नाहीत तोवर अ‍ॅपने वाचायचा कशासाठी? हा अन्योन्याश्रय नव्या टॅग्जची भर घालून सुटत नाही. चळवळीने टॅग वाढवण्यापेक्षा असलेले दोन-चार टॅग सर्वत्र रुजवण्यावर जोर द्यायला हवा. दुसरा आक्षेप बारीक पण कामाचा आहे. व्हिडिओचं संकलन अनेकदा ध्वनीपेक्षा निराळं असतं. सुरुवातीला अर्धा मिनिट दृश्यं येतात, मध्ये काही कापलं जातं. मग प्रकरणांच्या वेळा आणि लेखी प्रतीच्या वेळा एका आवृत्तीला जुळतात, दुसरीला नाही. पर्याय म्हणजे तोच भाग, वेळेसकट तोच, ही शिस्त निर्मात्यांनी पाळली नाही तर टॅगचा उपयोग अर्धाच.

म्हणून फीडमध्ये व्हिडिओ आला एवढ्यावर त्याला खुला म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. अनोळखी अ‍ॅपला तो परवानगीशिवाय उघडता येतो का? होस्ट बदलला तर श्रोते सोबत येतात का? आणि श्रोत्याला तो आपल्याजवळ ठेवता येतो का? पहिल्या दोन प्रश्नांना एचएलएस उत्तीर्ण होऊ शकतं, पण होईलच असं नाही. तुकड्यांच्या यादीचा पत्ता ठरावीक वेळेनंतर बाद होणारा, सही केलेला असला, किंवा एखाद्याच अ‍ॅपला मिळणारा असला, तर फीड खुलं आणि आतली वस्तू कुलपात, असा प्रकार होतो. तिसऱ्या प्रश्नात एचएलएस कच्चं आहे. ते तुकडे उतरवून ठेवता येतात, पण ते अ‍ॅपच्या मर्जीवर. म्हणून आमचा निष्कर्ष असा: स्ट्रीम सोबत असावी, पण अख्खी फाइल काढून घेऊ नये. ज्या भागात उतरवता येणारा ध्वनी उरलेला नाही, तो पॉडकास्ट आमच्या तिसऱ्या कसोटीवर नापास.

दोन शंका

एक शंका नेहमी येते: 'श्रोत्याला याचं काय? त्याला ऐकायला मिळाल्याशी कारण.' खरं आहे, पण श्रोत्याला ऐकायला मिळत राहतं ते कोणीतरी या गोष्टींची काळजी केल्यामुळे. नंबर पोर्टेबिलिटीचे नियमही आपल्यापैकी किती जणांनी वाचले? कंपनी बदलायची वेळ आली तेव्हा मात्र ते उपयोगी पडले.

दुसरी शंका अधिक वजनदार: व्हिडिओवर एवढी अट घातली तर जे कानांनी ऐकू शकत नाहीत, जे चेहरा पाहून, हातवारे पाहून समजून घेतात, त्यांचं काय? इथे व्हिडिओ चैन नाही, तो हक्क आहे. भूमितीचं व्याख्यान, चित्रकलेवरचं व्याख्यान, सांकेतिक भाषेतलं निवेदन, याला चित्र हवंच. आम्ही त्याविरुद्ध नाही. उलट, अशा श्रोत्यासाठी खुली व्यवस्था अधिक करू शकते, आणि त्याचं उदाहरण लेखी प्रतीचं आहे. अ‍ॅपलने मार्च २०२४ मध्ये पॉडकास्टची आपोआप लेखी प्रत द्यायला सुरुवात केली, ती चार भाषांत: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन. मराठी त्यात नव्हती. व्यासपीठाच्या यादीत आपली भाषा येण्याची वाट पाहायची म्हटलं तर किती वाट पाहणार? खुल्या फीडमध्ये 'ट्रान्स्क्रिप्ट' नावाचा टॅग आहे. त्यात निर्मात्याने स्वतः तयार केलेल्या लेखी प्रतीचा पत्ता आणि तिची भाषा देता येते. तिथे मराठी लिहा, कोकणी लिहा, अहिराणी लिहा. कोणाला विचारावं लागत नाही. तुम्ही ही व्याख्यानं वाचता, तेव्हा बोललेलं लिहून ठेवण्याचं मोल तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आयोजकांसाठी चार गोष्टी

शेवटी, गावोगाव व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळांसाठी व्यवहाराचं बोलतो. फीडचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर ठेवा. वर्षाला थोडा खर्च येईल, पण पत्ता तुमचा राहील. प्रत्येक व्याख्यानाची ध्वनिफाइल उतरवता येईल अशी ठेवा, आणि मूळ प्रत मंडळाच्या कपाटात वेगळी जपा. व्हिडिओ जिथे विषयाला लागतो तिथे जरूर करा. यूट्यूबवरही ठेवा, कारण नवा श्रोता तिथे भेटतो. पण व्याख्यानाच्या शेवटी निवेदकाला नुसतं 'चॅनेलला सबस्क्राइब करा' म्हणायला लावू नका. फीडचा पत्ताही सांगू द्या. आणि होस्टिंग कंपनी निवडताना 'व्हिडिओ आहे का' एवढंच विचारू नका. 'उद्या आम्ही दुसरीकडे गेलो तर श्रोते आमच्यासोबत येतील का' हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

व्हिडिओ येणार आहे, नव्हे आलाच आहे. त्याला दाराबाहेर ठेवण्याचा हट्ट आम्हाला निरर्थक वाटतो. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी एन्क्लोजर लिहिलं त्यांनीही तो धरला नव्हता. आपण धरायचा तो आग्रह वेगळा: व्याख्यान ऐकायला येणाऱ्याला नाव-गाव न विचारता आत येता यावं, मधेच उठून जाता यावं, आणि आवडलं तर ते घरी नेता यावं. एवढं ज्या व्यवस्थेत जपलं जाईल, तीत चित्र असो वा नसो, आमची हरकत नाही.